साच्यातली सुरकुती

काचेच्या धाग्याची कुसळं आणि कारखान्यातले किस्से, दोन्ही अंगाला चिकटून घरापर्यंत येतात. कुसळं धुतली की जातात. किस्से मात्र साठतच जातात!

शहापूर-मुरबाड रस्त्यावर आमचं छोटंसं युनिट आहे. काचेच्या नाहीतर कार्बनच्या विणलेल्या कापडापासून आम्ही बसच्या सीट, हेल्मेट असल्या वस्तू बनवतो. कापड साच्यात बसवायचं, रेझिन नावाचा चिकट रस लावायचा, सुकला की कडक. ऐकायला सोपं! पण गोल साच्यावर सपाट कापड फार नखरे करतं. सैल सोडलं की सुरकुती, जास्त ओढलं की धागे फाकतात. आणि सुकलेली सुरकुती कायमची. माल नेमका तिथेच तडकतो.

मी इथली सुपरवायझर. सुरकुत्या पकडायचं काम घरत साहेबांचं. त्यांचा अंगठा म्हणजे आमचं तपासणीचं मशीनच.

* * *

साच्यावर कापड लावणारा बाळा खर्डीहून येतो. अंगात रग फार. एकदा हेल्मेटच्या साच्यावर त्याने कापड असं ताणलं की सुरकुती एक नाही, पण माथ्यावर धाग्यांची चाळण!

घरत साहेबांनी ते हेल्मेट उजेडाकडे धरलं. "बाळ्या, यातून मला खर्डी स्टेशन दिसतंय."

"मग बगा ना साहेब, कसारा लोकल टायमावर हाय का?"

* * *

साहेबांच्या भाच्याचं लग्न होतं शहापूरला. स्टेजवर नवरदेवाला आशीर्वाद देताना सवयीने शेरवानीच्या खांद्यावर अंगठा फिरला.

"सुरकुती आहे इथे. रिजेक्ट!"

मागे मुलीचे वडील उभे. त्यांना शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला.

"अवो पन का? पोरगी ग्रॅज्युएट हाय आमची!"

* * *

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत आम्ही सगळे मिळून गेलो होतो. साहेबांनी एक घोंगडी उचलली आणि वीण सरकते का बघायला दोन तिरकी टोकं धरून दणादण ओढायला लागले. उभं ओढून झालं, तिरकं ओढून झालं.

दुकानदाराने शेवटी घोंगडी धरून ठेवली. मग म्हणाला, "सायेब, पांगरायला नेताय का कुस्ती खेळायला?"

* * *

आमच्या कमलताई साच्यात कापड बसवताना कापडाशी बोलतात. एकदा पुण्याहून गिऱ्हाईक आलं होतं. बरोबरचे इंजिनियर कमलताईंच्या मागेच उभे. कापड कोपऱ्यात काही केल्या बसेना.

"बस ना रे बाबा!" कमलताई वैतागून म्हणाल्या. "कवापासून सांगते, बस आता!"

त्या बिचाऱ्यांना वाटलं, बाई आग्रह करतायत. शेजारीच सीट दिसली, टेकले. नुकतंच रेझिन लावलं होतं तिला!

त्यांना ओढून उठवलं. कमलताईंनी वाकून सीट नीट पाहिली.

"मॅडम, हिला सुरकुती नाय. पाकीट उमटलंय."

* * *

कमलताईंचे सासरे भातसानगरला असतात. धरणावर नोकरी झाली, आता रिटायर. शुगरमुळे एक पाय गुडघ्याखालून गेला. जुन्या नकली पायाची वाटी, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती, सैल होऊन घासायची, जखमा व्हायच्या. त्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं.

कमलताईंनी घरत साहेबांना भीत भीत विचारलं, "आपुन बनवू का वो वाटी?"

पाय बसवणाऱ्या तंत्रज्ञाने माप घेऊन प्लास्टरचा साचा दिला. पहिली वाटी कार्बनच्या कापडाची, चकचकीत. साहेबांनी आत अंगठा फिरवला आणि ती बाजूला ठेवली. आतली बारीकशी सुरकुतीसुद्धा मांसात रुतली असती. दुसरीचंही तेच. तिसऱ्या वेळी बाळाने कापड असं हलक्या हाताने लावलं, जसं तान्ह्या पोराला टोपडं घालतोय. कमलताईंनी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. साहेबांनी डोळे मिटून आत हात घातला, बराच वेळ. मग मान डोलावली. पास!

तंत्रज्ञाने वाटी पायाला जोडून दिली. सासरे, आम्ही त्यांना काका म्हणतो, युनिटच्या अंगणात उभे राहिले. दारापासून गेटपर्यंत चालत गेले, वळले, परत आले. कमलताई पदर तोंडाशी धरून उभ्या.

"काका, कुठे टोचतंय का?" साहेबांनी विचारलं.

काकांनी विचार केला आणि आपला धडधाकट पाय पुढे केला.

"त्यात काय नाय टोचत. आता याचं पन माप घ्या. ह्योच लय कुरकुरतो!"

आम्ही सगळे हसलो. घरत साहेब मात्र हसले नाहीत. ते त्या धडधाकट पायाशी बसले आणि त्यांनी खिशातून टेप काढली.