टिपूसकट एक खोली

बदलीच्या नोकरीत सामान वाढू देता येत नाही, किस्से मात्र वाढतच जातात. आमच्या कचेरीत प्रत्येक कारकुनाकडे घर शोधण्याचे दोन-चार तरी असत. माझे सगळे मालवणचे, आणि सगळ्यांत आमचा कुत्रा!

आम्हाला मूल नाही. टिपूला बायकोने बोटाने दूध पाजून वाढवलेलं. "त्याला ठेवून घेणारी खोली मिळाली की कळवा, तोवर मी कोल्हापूर सोडत नाही," असं तिने बजावलं होतं. मी आणि टिपू कचेरीच्या पडवीत झोपत होतो. साहेब रोज विचारत, "मिळाली का खोली?"

*

पहिल्या घरमालकाने विचारलं, "कुत्रो मासे खाता?"

मी अभिमानाने म्हणालो, "छे! फक्त दूधभाकरी."

"मासे खाय नाय? मगे काटे कोण खातलो?" आणि दार बंद!

*

दुसऱ्या घरी मी शहाणा झालो होतो. मालकीणबाईंनी विचारायच्या आतच सांगितलं, "आमचा टिपू मासे अगदी मिटक्या मारत खातो!"

बाईंनी अंगणाकडे बोट केलं. चटईवर बांगडे सुकत पडले होते. "आणि ह्येंका राखूक कोण बसतलो? तुमी?"

*

सहकारी परब म्हणाले, "राखणदार आसा म्हणान सांगा हो!" तिसऱ्या मालकाला तसं सांगितलं. त्याने परीक्षाच घेतली. डोक्यावर कांबळं घेऊन कुंपणावरून उडी मारली. टिपू धावला. मी देवाचं नाव घेतलं. टिपूने त्याचे पाय चाटले!

"उद्या चोराक चाय पण दितलो ह्यो!"

*

शेवटी मासेमारी करणाऱ्या भाऊ तांडेलांनी खोली दिली. "नारळी पुनवेपर्यंत ऱ्हवा. कुत्र्याचा मगे बघूया."

बायको आली. पुनव आठवड्यावर असताना टिपूने तांडेलांच्या नव्या जाळ्याचा कोपरा चावून टाकला. भाऊंनी पाहिलं, खाली बसले आणि जाळं विणू लागले. एक शब्द नाही! दुसऱ्या दिवशीही नाही.

"ओरडले असते तर बरं झालं असतं हो," बायको म्हणाली. तिने ट्रंक भरायला घेतली.

*

पुनवेला सगळं घर किनाऱ्यावर गेलं. आम्हीही मागे उभे राहिलो. टिपूची दोरी बायकोने हाताला दोनदा गुंडाळली होती. भाऊंनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! दरवरसाप्रमाणे ह्यो नारळ देतंव, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"होडयेक, जाळ्याक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"घरातल्या पोरांटोरांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भाऊ थांबले. मागे वळून त्यांनी टिपूकडे पाहिलं. मग पुन्हा समुद्राकडे तोंड केलं.

"आणि आमच्या टिपूक पुढच्या नारळी पुनवेपर्यंत वायच अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज आमच्या बायकोचा होता.