रत्नीचा हरगोल

मांजरेच्या काठी येळगी नावाचं गाव आहे. तिथं एके काळी म्हैस मेली तरी तिचं नाव मरत नसे. तिच्या कातड्याचा हरगोल व्हायचा, आणि जिचं कातडं तिचंच नाव त्याला लागायचं. हरगोल म्हणजे टोपल्यासारखी गोल नाव. आतून निर्गुडीच्या फोकांची वीण, बाहेरून कातडं. तिला ना पुढा ना पिछाडी, त्यामुळे नवख्यानं वल्हं मारलं की जागच्या जागी गरगर फिरून ती पुन्हा त्याच काठाला लागे, आणि घाटावरचे लोक पोट धरून हसत. "गंगी पल्याड गेलीय, आता मोरी येईल," असं बाया बोलायच्या तेव्हा परगावचा पाहुणा चक्रावून जाई. येळगीच्या म्हशी नदीवर नेमकं करतात तरी काय, हे त्याला कळत नसे.

हे सगळे हरगोल ईश्वरप्पाच्या घरचे. घर कक्कय्याचं, म्हणजे कातडं कमवणाऱ्या लिंगायतांचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि पिढ्यान्‌पिढ्या हात कातड्यात. गावाची अक्कल अशी, की या घरातलं पाणी कुणाला चालत नव्हतं, पण याच घरानं कमवलेल्या कातड्यात बसून नदी ओलांडताना कुणाला विटाळ होत नव्हता. सोवळं नेहमी सोय बघूनच पाळतात, हे ईश्वरप्पाला मिसरूड फुटायच्या आतच कळलं होतं. तो त्यावर कधी भांडला नाही, पण विसरलाही नाही.

काम मात्र त्यानं जीव लावून केलं. कातडं चुन्यात घालून केस काढायचे, तरवडाच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं, हिरडा द्यायचा. चपलेचं कातडं पुरतं कमवतात, हरगोलाचं अर्धवटच ठेवतात. वर करडईचं तेल जिरवायचं. तेल जिरलं की गावातली सगळी कुत्री घराभोवती भजनाला जमायची, म्हणून हरगोल लिंबाला टांगून ठेवावा लागे. शिवम्मा लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस नाकाला पदर लावून फिरायची. पुढं नवरा बाजारावरून उशिरा आला, की अंधारात चाहूल लागायच्या आधी तिला हिरड्याचा वास यायचा आणि जिवाला बरं वाटायचं. हे तिनं नवऱ्याला म्हातारपणी सांगितलं. तो म्हणाला, "येवढी वर्सं लपवून ठेवलीस व्हय?"

मग पूल झाला. झाला ते चांगलंच झालं, असं ईश्वरप्पा स्वतः म्हणतो. अडलेल्या बाईला घेऊन पुराच्या पाण्यात वल्हं मारायची पाळी ज्याच्यावर आली असेल, त्यानं पुलाला नावं ठेवू नयेत. पण पूल झाल्यावर हरगोल लिंबावरच वाळले, त्यांचे टाके उसवले, आणि गंगी, मोरी, चांदी अशा एकेक करून दुसऱ्यांदा मेल्या. ईश्वरप्पानं उरलेली वर्षं दुसऱ्याच्या रानात काम करून आणि स्वतःच्या तुकड्यात तूर लावून काढली.

त्याचा एकुलता मुलगा राजशेखर उदगीरला असतो. मोबाईल दुरुस्तीचं दुकान, भाड्याचं बरं घर, लग्नाला आलेली मुलगी स्वप्नाली. उदगीरात कुणी विचारलं तर तो सांगे, "वडील शेती करतात." ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. स्वप्नालीला पाहुणे येऊ लागले तेव्हा तो येळगीला आला, अंगणामागची कातडं मुरवायची कुंडं मातीनं बुजवून त्यावर कढीपत्ता लावला आणि म्हणाला, "आपा, आता ह्या घरात कातडं आणू नका. पोरीचं जमून राहिलंय. वास आला तरी लोक नाक मुरडतात." ईश्वरप्पानं "न्हाई आणत" असा शब्द दिला. लेकाचा त्याला राग आला नाही, कारण नाक मुरडणारे लोक त्यानं जन्मभर पाहिले होते. पण त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं, की आपण आयुष्यभर जे केलं ते पोराला लपवावं लागतं. हे त्याला फार लागलं. त्यानंतर कढीपत्त्याची पानं घातलेलं वरण त्याच्या घशाखाली नीट उतरत नसे.

गेल्या दसऱ्यानंतर एका सकाळी सिंधुबाई दारात येऊन उभी राहिली. ही किशनराव पाटलाची विधवा. म्हशीचं दूध आणि माणसांची ये-जा दोन्ही भरपूर असलेलं घर ते. पण आता म्हैस एकच उरली होती, रत्नी, आणि ती पहाटे गेली होती. म्हातारी होऊन, आपल्या दावणीला, सुखानं.

"दादा," सिंधुबाई म्हणाली. नवरा गेल्यापासून ती त्याला दादा म्हणायची. आधी नुसतं ईश्वरप्पा. "लेकानं, दयानंदानं, जेसीबी सांगितलाय. खड्डा काढून पुरतो म्हनतो. तुमी तिचा हरगोल करा."

"वैनी, म्या सोडलं ते."

"ठाऊक हाय मला. पर ऐका. माझं लगीन झालं तवा तुमच्या गंगीत बसून पल्याडनं आले म्या. मागं दाव्याला बांधलेली माहेरची पारडी पवत आली हुती. रत्नी तिच्याच वंशातली, शेवटची. आता वंश बुडाला. जिथनं आली तिथं एक डाव तिला नेऊन दाखवते. पुलावरनं काय टेम्पोत कातडं नेऊ का?"

ईश्वरप्पानं मान हलवून नाही म्हटलं. लेकाला शब्द दिलाय, हेही सांगितलं. सिंधुबाईनं वाद घातला नाही. तिनं डोळ्याला पदर लावला आणि ती निघाली. ती कोपऱ्यावर वळली. मग शिवम्मा चूल फुंकता फुंकता म्हणाली, "शबूद काय दिलाव? घरात कातडं आणणार न्हाई म्हनलाव ना? नदी काय आपलं घर हाय का?"

नवऱ्याला शब्द मोडू न देता पळवाट काढून देणारी बायको मिळायला पूर्वजन्मीचं काहीतरी लागतं. ईश्वरप्पानं कातडं सोलायची रापी धारेला लावली.

दयानंदाच्या ट्रॅक्टरनं रत्नीला नदीकाठी नेलं. तिथंच वाळूत खड्डे काढून, चिकणमातीनं लिंपून ईश्वरप्पानं कुंडं केली. चुना, तरवड, हिरडा. सुरुवातीला हात अडखळले, पण सालीचा रंग पाण्यात उतरू लागला तसं बोटांना आपोआप सगळं आठवू लागलं. रोज सकाळी भाकरी बांधून म्हातारा-म्हातारी नदीवर जायची. तो कातडं खरवडायचा, ती निर्गुडीचे फोक तोडून आणायची. घरी यायच्या आधी दोघं नदीत अंघोळ करायची, वास उंबऱ्याच्या आत जाऊ नये म्हणून. थंडीत तिला हुडहुडी भरायची, आणि ती लेकाच्या नावानं कानडीत काहीतरी पुटपुटायची. ईश्वरप्पाला ते ऐकून हसू यायचं. कितीतरी वर्षांनी त्याला सकाळी उठायची घाई वाटत होती. खरं सांगायचं तर तो तेव्हा सुखात होता.

हरगोलाचं माप फूटपट्टीनं घेत नाहीत. करणारा दोन्ही हात पसरतो. या बोटापासून त्या बोटापर्यंत त्याची जी वाव होईल, तेवढी काठाच्या गोलाची रुंदी. ईश्वरप्पाच्या बापाची वाव जेवढी, तेवढीच ईश्वरप्पाची. त्यात वल्हं मारणारा आणि आणखी तीन माणसं आरामात बसायची. यंदाही त्यानं वाळूवर हात पसरले, शिवम्मानं दोन खुंट्या ठोकल्या, त्यावरून गोल काढला आणि वीण धरली. सांगाडा उभा राहिला. त्यावर ओलं कातडं घातलं तेव्हा मात्र तो थांबला. काठावरून सगळीकडून चांगलं वीतभर कातडं खाली लोंबत होतं. आजवर कातडं नेहमी कमी पडायचं, ओढून ओढून जीव जायचा.

"रत्नी दांडगी हुती," तो कौतुकानं म्हणाला, आणि उरलेलं कातडं कापून त्यानं वाद्या काढल्या. काठ शिवून झाल्यावर बसून बघितलं, तर मांडी घालून दोन माणसांतच जागा संपली. तो पुन्हा उठला, बाजूनं फिरून आला, पुन्हा बसला.

"हात पसरा बरं," शिवम्मा म्हणाली.

त्यानं पसरले. खांदे वाकलेले, कोपरं पुरती सरळ होत नव्हती. शिवम्माला आधी हसू फुटलं. "रत्नी न्हाई दांडगी. तुमीच आटलाव." मग तिचं हसू थांबलं. ती जवळ गेली आणि त्याचे दोन्ही हात धरून खाली केले. सिंधुबाईसोबत आपणही पलीकडं जायचं, असं तिनं ठरवलं होतं. ती म्हणाली, "जाऊ द्या. मला पान्यात भोवळ येती आता." तिला कधीच भोवळ येत नसे. हे त्यालाही माहीत होतं.

संक्रांतीनंतर कातडं खणखणीत वाळलं आणि नदी शांत होती. सिंधुबाई इरकल नेसून, माहेरी द्यायचे तिळगूळ डब्यात घेऊन आली. हरगोलाला हळदकुंकू लावलं, काठावरून हात फिरवला आणि पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. "रत्ने, चल गं," एवढंच म्हणाली. ईश्वरप्पानं धोतर खोचलं, वल्हं उचललं, आणि तेवढ्यात घाटावर मोटारसायकल येऊन थांबली.

राजशेखर होता. खबर उदगीरपर्यंत पोचली होती. तो तरातरा खाली आला. "आपा, काय करून राहिलाव हे? शब्द दिला होता ना तुमी?"

"घरात न्हाई आणलं," ईश्वरप्पा म्हणाला.

"गावभर झालंय की. परवा पाहुणे येणार हायत स्वप्नालीला." तो आणखी बरंच बोलणार होता. पण त्याचं लक्ष बापाच्या हातातल्या वल्ह्याकडं गेलं, मग त्या वाकल्या खांद्यांकडं, मग नदीकडं. "आणि ह्या वयात तुमी वल्हवणार? बुडून मरायचंय का? काकी, तुमी तरी सांगायचं ना."

"बसले म्या," सिंधुबाई म्हणाली आणि खरोखरच हरगोलात जाऊन बसली.

पाटलीण बाईंना आता बाहेर कोण काढणार? राजशेखरनं रागारागानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बापाच्या हातातलं वल्हं हिसकून घेतलं. "द्या इकडं. एकदा पोचवून येतो, मग हे बंद." त्यात प्रेमाचा लवलेश नव्हता, निव्वळ वैताग होता. दोघांच्या मापाच्या त्या हरगोलात ईश्वरप्पाला जागा उरली नाही. त्यानं शिवलेला हरगोल त्याला काठावर सोडून निघाला.

आधी हरगोल गरगर फिरला. सिंधुबाईनं दोन्ही हातांनी काठ धरला. दुसऱ्यांदा फिरला, आणि मग राजशेखरच्या हातांना लहानपण आठवलं असावं, कारण वल्हं पुढून पाण्यात घालून तो आपल्याकडं ओढू लागला. हरगोल सरळ झाला. पाण्याचा थेंब आत येत नव्हता. ईश्वरप्पा घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभा होता, आणि शिवम्मानं त्याचा दंड धरला होता. त्याला ना नदीची भीती होती ना कातड्याची. परतल्यावर पोरगं काय बोलेल, ही एकच धास्ती होती. हा हरगोल शेवटचा हे तो जाणून होता. हा तर लाजेतच वाळणार, असं त्याला वाटलं.

पलीकडं दोघं-तिघं मोटारपंपापाशी बसले होते. हरगोल लागताना बघून ते उठून आले. एकानं सिंधुबाईला हात देऊन उतरवलं, दुसरा हरगोलावर टिचकी मारून बघू लागला. हिवाळ्याच्या हवेत नदीवरून शब्द न् शब्द ऐकू येतो.

"लई दिसांनी बघितला. कुठनं आणलाव? इकत घेतला का?"

राजशेखरनं हातातलं वल्हं वाळूत रोवलं. ईश्वरप्पाची मान खाली गेली. शेती करतात, असंच काहीसं आता ऐकू येणार म्हणून त्यानं मनाची तयारी केली.

"इकत कशाला घ्यावं?" पलीकडून आवाज आला, आणि तो चांगला मोठा होता. "आमच्या घरचं कामच हाय ते. आमी कातडं कमवणारे. माझ्या आपानं शिवलाय."

ईश्वरप्पा पायरीवर हळूच खाली बसला. मग त्यानं बायकोला विचारलं, "काय म्हनलं गं पोरगं?"

"ऐकू आलंय की तुमाला."

"आलं. पर तुझ्या तोंडानं सांग एक डाव."

शिवम्मा त्याच्याजवळ बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं.