नानकटाईवरचा पीळ

जालन्यात आमच्या भागातल्या भट्टीवर दिवाळीच्या आठवड्यात चिठ्ठी चालत नाही. ट्रेला चिकटवलेली चिठ्ठी आत जळून जाते, आणि बाहेर येते ती नुसतीच कुणाची तरी नानकटाई. म्हणून घरोघरची खूण ठरलेली असते. मैदा, तूप, पिठीसाखर सगळ्यांची सारखीच, पण गोळ्यावरची खूण ज्याची त्याची. कुणी बाटलीचं झाकण दाबतं, कुणी बोटानं खड्डा करून बदामाचा काप बसवतं. आमच्या घरची खूण म्हणजे काट्यानं ओढलेल्या चार रेघा. मी आष्टीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडं दिवाळी म्हणजे कढई. भट्टीचं प्रकरण मी लग्नानंतर इथं येऊन शिकले, आणि चार रेघांच्या पलीकडं माझी कला कधी गेली नाही.

कला आहे ती माझ्या सुनेच्या हातात. डाव्या हातात, कारण ती डावखुरी आहे. बाजारात तयार कंदिलांचे ढीग लागलेले असताना ही पोरगी अंगणात बांबूच्या कामट्या तासत बसते. चांदणीचा सांगाडा दोऱ्यानं असा आवळते की हातातून पडला तरी हलत नाही. मग पतंगाचा कागद, घरी शिजवलेली खळ, आणि खाली झुलणाऱ्या शेपट्या. जुन्या बांगड्यांना लोकरीचा धागा गुंडाळून ती दाराला तोरण करते. त्यात एक बांगडी मुद्दाम उघडी ठेवते, नुसती लाल काच, नजर लागू नये म्हणून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिचा धागा संपला. तसं बोलूनही दाखवलं. ती हसली आणि कामाला लागली. माझ्या तिखट जिभेला हसून उत्तर देणारं आमच्या घरात दुसरं कुणी नाही, आणि त्यासाठी मी तिला मनापासून मानते.

ती इथल्याच एका मारवाडी घरातली. ते घर पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात व्यापारात आहे, आमच्यापासून रिक्षानं जरा वेळाचा रस्ता. माझ्या मुलानं आणि तिनं कोर्टात लग्न केलं, आणि त्या दिवसापासून तिची आई तिच्याशी बोलायची बंद झाली. प्रत्येक सणाला सून फोन लावायची. रिंग वाजून वाजून थांबायची. ती फोन पालथा ठेवायची आणि काहीतरी कातरायला, चिकटवायला घ्यायची. विहिणीला त्यांच्याकडं ब्याणजी म्हणतात, असं तिनंच मला एकदा सांगितलं होतं. मला तशी हाक मारणारं मात्र कुणी नव्हतं.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी माझ्या चकल्या बिघडल्या. तेलात टाकली की चकली विरघळायची. मी त्या पिठाशी भांडत बसले आणि नानकटाईचं सगळं सुनेवर सोडलं. ती गोळे वळत वळत मला कंदिलाचं सांगत होती, यंदा आत कुठला रंग, बाहेर कुठला. माझी फक्त एकच सूचना होती, "चारोळी एकेकच लाव. जास्ती नको." तिच्या माहेरी तिला चिरौंजी म्हणतात आणि सढळ हातानं लावतात. आमच्याकडं ती डबीतून मोजूनमापून निघते. मधूनच माझं लक्ष ट्रेकडं गेलं. प्रत्येक गोळ्याला चिमटीत धरून तिनं हलकासा पीळ दिला होता, शंखावर असतो तसा. किती सुबक! मी म्हटलं, "बाजारात ठेवल्यासारखं दिसून राह्यलं गं." चार रेघा कुठं गेल्या, हे तिच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही.

दुपारनंतर आम्ही दोघी डबे घेऊन भट्टीवर गेलो. केवढी गर्दी! भट्टीवाले चाचा घामाघूम. मी म्हटलं, "चाचा, आमचे ट्रे?"

त्यांनी पाहिलं, शोधलं, परत पाहिलं. "बाजी, चार लकीरवाला माल तो आयाच नै आज."

"अहो, सकाळी मीच ठेवून गेल्ते!"

सून माझ्या मागं उभी होती. तिनं हळूच विचारलं, "चाचा, पीळवाले ट्रे कुठं आहेत?"

"वो तो गए ना. सेठजी के दुकान का आदमी रिक्षा लेके आया, सबके सब उठा ले गया. हर साल का निशान है उनका, पूछना क्या उसमें?"

तेव्हा कुठं मला उलगडा झाला. पीळ ही तिच्या माहेरची खूण, आणि त्यांचेही ट्रे याच भट्टीवर येतात. लहानपणापासून आईच्या शेजारी बसून तिनं तोच पीळ दिला होता. डोकं कंदिलात होतं आणि हातानं आपल्या सवयीनं माहेर गाठलं. आमची सगळी नानकटाई तिच्या आईच्या घरी जाऊन पडली होती.

सुनेचा चेहरा उतरला. म्हणाली, "राहू द्या, आई. आपण घरी कढईत थोड्या भाजू."

"का म्हणून? आपला माल आहे."

"मम्मीला वाटंल, मी मुद्दाम पाठवल्या. तिनं दारातून परत पाठवलं तर मला न्हाई सहन होणार." एवढं बोलून ती रडायलाच लागली, भर भट्टीवर, सगळ्या बायकांसमोर.

मला रडणं बघवत नाही, आणि बघवलं नाही की मला राग येतो. तिला घरी पाठवलं, रिकामा डबा काखेत मारला आणि मी एकटी रिक्षात बसले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. पोटच्या पोरीशी अबोला धरणारी तुम्ही कसली आई, इथपासून सुरुवात होती. शेवट तर त्याहून जोरदार होता.

त्या घरापाशी उतरले आणि दाराकडं पाहून थबकले. दारावर बांगड्यांचं तोरण होतं. लोकर विटलेली, एका ठिकाणी वेगळ्या रंगाच्या धाग्यानं सांधलेली. मधोमध एक बांगडी उघडी, नुसती लाल काच. पोर घरातून गेली होती, पण तिचं तोरण कुणीतरी दुरुस्त करून पुन्हा लावलं होतं. माझी सगळी वाक्यं तिथंच गळून पडली.

दार तिच्या आईनंच उघडलं. डोक्यावर पदर, कमरेला किल्ल्या. आम्ही एकमेकींना कोर्टाच्या आवारात एकदाच पाहिलं होतं, पण तिनं मला बरोबर ओळखलं. मी ट्रेची भानगड सांगितली. तिनं माझा डबा घेतला, "थांबा" म्हणाली आणि आत गेली. 'बसा' नाही, पाणी नाही. आतून डब्यात एकेक नानकटाई लावल्याचा आवाज येत होता. फार वेळ लागला. मग डबा आणून माझ्या हातात दिला, वर स्वच्छ फडकं बांधलेलं.

"सांभाळून न्या. जल्दी मोडतात," ती म्हणाली.

"दिवाळीला या ना घरी," मी म्हटलं. तिनं नुसता पदर सारखा केला. दार मात्र मी रिक्षात बसेपर्यंत उघडं होतं. तरीही परत येताना मी मनात तिला दगड म्हटलं.

घरी सून अंगणात कंदिलाला शेवटच्या शेपट्या चिकटवत होती. हात खळीनं भरलेले. नजरेनंच तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "दिला डबा. बोलली न्हाई काही." तिनं मान खाली घातली. मी फडकं सोडून झाकण काढलं आणि डबा तिच्यासमोर धरला.

ती बघतच राहिली. मग खळीचा हात तसाच पुढं करून म्हणाली, "आई, ह्या माझ्या न्हाईत."

"म्हणजे?"

"पीळ बघा ना. मी डाव्या हातानं देते, माझा उलटा फिरतो. ह्या सगळ्या उजव्या हाताच्या आहेत." ती डब्यावर वाकली. "ह्या मम्मीच्या आहेत."

मी डब्यात नीट पाहिलं. प्रत्येकीवर चारोळी, एक नाही, चांगली तीन-तीन. सुनेच्या हातची एकही चुकून आलेली नव्हती. आत एवढा वेळ ती बाई एकेक उचलून पीळ बघत होती. पोरीच्या हातच्या बाजूला ठेवत होती आणि आपल्या हातच्या माझ्या डब्यात भरत होती. आणि मी तिला दगड म्हटलं होतं!

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. समोर 'मम्मी' अशी अक्षरं होती. तिचे हात भरलेले, म्हणून मीच फोन उचलून स्पीकर लावला आणि तिच्या तोंडापाशी धरला.

"खाई क्या?" तिकडून आवाज आला.

"अभी नहीं, मम्मी."

"खा ले. तेरे हाथ की मैंने रख ली है. कल लक्ष्मीजी के सामने वही रखूँगी."

सुनेनं खळीच्या हातांनीच तोंड झाकलं. तिकडचा आवाज एकदम कडक झाला. "पर चिरौंजी एक-एकच? ब्याणजी को बोल, पाडवे को मैं खुद लेके आ रही हूँ."

मी फोनला तोंड लावून ओरडले, "वाटीभर आणा, विहीणबाई!"