मोलकरणीचं एकच वाक्य

वडशाच्या नाटक कंपनीत दिव्यानी नायिका होती. मेकअपच्या वेळी फोन आरशाजवळ ठेवायची. दुसऱ्या कंपनीचा बोलावण्याचा मेसेज लॉक स्क्रीनवर आला. खलनायकाचं काम करणाऱ्या हेमराजनं तो वाचून मालकाकडे चुगली केली. मालकानं तिची भूमिका काढून घेतली; नाटकात दिव्यानी आता नायिकेची मोलकरीण झाली. ती विसरली नाही.

“भाऊ, फोन द्या, तुमचे मेसेज लॉक स्क्रीनवरून झाकून देतो,” म्हणत तिनं हेमराजच्या फोनमध्ये आलेला मेसेज मोठ्यानं वाचायची सोय चालू केली. हेमराज फोन खिशात ठेवूनच स्टेजवर जायचा. रात्रीच्या प्रयोगात तो टांगलेल्या माईकखाली पोचताच तिनं दुसऱ्या कंपनीला कळवलं, “हेमराजभाऊ यायले तयार आहेत, आत्ताच विचारा.”

फोन खणखणीत बोलला, “हेमराजभाऊ, मालकाले सोडून कधी येता?”

मालक पहिल्याच रांगेत होता. दिव्यानी स्टेजवर गेली आणि आपलं एकुलतं एक वाक्य बोलली, “धनी, पाणी आणू काय?”