चाळीस डब्या आणि एक पोट

दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळ, एक डोळा बारीक करून सूक्ष्मदर्शकात बघत बसलेली बाई म्हणजे काचवाली. आली तेव्हा काचपट्ट्या धुवायला आली होती, म्हणून हे नाव. धुता धुता बघायला लागली आणि बघता बघता अशी तयार झाली, की आता शंका आली की खुद्द डॉक्टर म्हणतात, "काचवालीला विचारा." काम शौच तपासायचं. नाक मुरडणारे काय, पैशाला पासरी! त्यांना तिचं उत्तर ठरलेलं. "सोनार सोनं बघतो, मी हे बघते. खोटं दोघांनाही चालत नाही."

ती मूळची डोंगरावरची. रानातल्या मूळच्या माणसांची ती वस्ती दवाखान्यापासून पायी सहा तासांवर. आई गेल्यावर काकूने तिला तिथेच लहानाची मोठी केली. तिथली पोरं पांढरीफटक, बाया चार पावलं चढल्या की धापा टाकणाऱ्या. हे आपल्या नशिबातच आहे असं तिलाही वाटायचं. दवाखान्यात आल्यावर कळलं, की नशीब वगैरे काही नाही, जंत आहे. दोऱ्याच्या तुकड्याएवढा. ओल्या मातीतून अनवाणी तळव्यात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. वर्षातून दोनदा गोळ्या वाटायच्या, संडास बांधायचे, अशी मोहीम त्यासाठीच चालू होती.

त्या वर्षी वस्तीतून चाळीस माणसांच्या शौचाच्या चाळीस डब्या खाली आल्या आणि एकीतही जंताचं अंडं सापडलं नाही. डॉक्टर हरखून गेले. "वस्ती जंतमुक्त! सोमवारच्या बैठकीत यादीतून नाव काढू. गोळ्या दुसरीकडे देता येतील."

काचवालीला आनंद व्हायला हवा होता. पण महिन्यापूर्वीच तिने काकूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली होती. आत लालीचा मागमूस नव्हता, म्हणजे अंगात रक्तच नव्हतं. तिने पट्ट्या पुन्हा काढल्या. प्रत्येकीत त्याच बारीक लालसर बिया, तेवढ्याच. चाळीस माणसांनी एकच रानफळ, एकाच दिवशी, एकाच हावरटपणाने खाल्लं? हे काही तिच्या गळी उतरेना. तिने तसं डॉक्टरांना सांगितलं.

"सोमवारच्या आत पुरावा आण," डॉक्टर म्हणाले.

तिने सूक्ष्मदर्शक पाठीला बांधला आणि डोंगर चढली. डबी कोणाच्या हातून येते तेही तिला बघायचं होतं, आणि त्या जंताची अंडी काचेवर तासाभरात विरून जातात, त्यामुळे जे बघायचं ते वरच बघायला हवं होतं.

काकू अंगणातच भेटली. "डब्या भरल्या कोणी?" काचवालीने विचारलं.

"बूटवाल्याने!" काकू अभिमानाने म्हणाली. "सगळ्या."

बूटवाला म्हणजे खाणीत नोकरी करून आलेला, वस्तीत बूट घालणारा एकटा, रेड्यासारखा धडधाकट माणूस. जंत त्याच्या तळव्याला शिवणार तरी कसा?

"पाहुण्यांनी मागितलं तर आपल्यातलं चांगलं तेच द्यावं," काकू म्हणाली. "आजाऱ्याचं देऊन वस्तीची शोभा करायची होय?"

"तीन दिवस लागले मला," बूटवाला मागून म्हणाला. "खायचं काम नाही ते."

काचवाली पोट धरून हसली. मग खाली बसून तिने सगळं समजावलं, तसा काकूचा चेहरा उतरत गेला आणि शेवटी कठोर झाला.

"म्हणजे आमची घाण चव्हाट्यावर मांडणार? आणि ती घरच्या पोरीने?"

"नाही मांडली तर गोळ्या बंद होतील, काकू."

"होऊ देत. पण हे केलंस, तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही."

 काचवालीला माहेर म्हणून तेवढं एकच दार होतं. तरी तिने शेजारच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला, त्याचा आरसा उन्हाकडे वळवला आणि पहिली डबी आणणाऱ्या बाईलाच आत बघायला लावलं. "हे माझ्यात आहे?" ती बाई एवढ्या जोरात किंचाळली, की दुपारपर्यंत ओट्यापुढे रांग लागली. काकू तेवढी फिरकली नाही. दोन दिवस काचवाली शेजारणीकडे जेवली. निघायच्या सकाळी ओट्यावर एक डबी ठेवलेली दिसली. बरोबर निरोप नव्हता. पण झाकणावर बांधलेली चिंधी काकूच्या जुन्या लुगड्याची होती. त्या डबीत अंडीच अंडी होती.

सोमवारी बैठकीत डॉक्टरांनी यादी उघडली. दाराशी उभी असलेली काचवाली पुढे आली. एवढ्या मोठ्या माणसांत ती कधी बोलली नव्हती.

"साहेब, माझ्या माहेरी जंत आहेत. चाळिसात एकतीस. माझ्या काकूलाही. मी स्वतः बघितलंय."

कोणीतरी खोकलं. पहिल्या डब्यांचं काय, असं एका साहेबांनी विचारलं, तेव्हा तिने बूटवाल्याची हकीकत सांगितली. सगळे हसले. ती हसली नाही. "फसवायला नव्हतं केलं. मान ठेवायला केलं," ती म्हणाली. डॉक्टरांनी वस्तीचं नाव यादीत ठेवलं, आणि यापुढे डब्या भरून घ्यायला काचवालीच वर जाईल, असंही लिहून टाकलं.

गोळ्या वाटायच्या दिवशी पलीकडच्या वस्तीचीही माणसं आली होती. काचवाली काकूकडे बघायचं टाळून एकेकीच्या तळहातावर गोळी ठेवत होती. रांगेतली एक पलीकडची बाई काकूला टोमणा मारायला चुकली नाही. "तुमच्याकडे म्हणे एकतीस निघाले! आमच्याकडे फक्त बारा."

 काकूने हात पुढे केला, काचवालीने दिलेली गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि पदराने तोंड पुसलं.

"बाराच निघणार," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघायला आमची पोरगी कुठे होती?"