हलकी रेल्वे, भारी जमीन

सगळा घोळ एका शब्दाचा होता आणि तो शब्द माझा होता. हे कबूल करायला मला बरेच महिने लागले. माझी बायको म्हणते, अजूनही मी पूर्ण कबूल केलेलं नाही.

मी नांदेडला हायस्कुलात मराठी शिकवतो. त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाला लग्नपत्रिका लिहायची असो की नळाच्या पाण्याची तक्रार, कागद माझ्याकडे येतो. असेच एका रविवारी रेल्वेची मागणी करणाऱ्या समितीतले चार जण इंग्रजी कागद घेऊन घरी आले. नांदेड शहरापुरती एक छोटी रेल्वे व्हावी असं घाटत होतं, आणि ती पुढे लोहा, अहमदपूर करत थेट लातूरपर्यंत वाढवावी, अशी त्यांची मागणी होती. मूळ रेल्वेचा अजून एक रूळ पडलेला नव्हता. पण वाढवायची कुठपर्यंत, यावर दोन्ही शहरांत भांडणं जुंपली होती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. आणि तुरीचा बाजार तर आमच्याच मुलखातला.

कागदावर शब्द होता ‘लाइट रेल’. समितीतले एक जण म्हणाले, “सोपंय सर. लाईटवर चालणारी रेल्वे.”

आतून बायको म्हणाली, “मग लाईट गेली की लोह्याला उतरून चालत जायचं.”

बायकोचं माहेर लातूरचं. नांदेडच्या कुठल्याही गोष्टीवर तिचा पटकन विश्वास बसत नाही, त्यात मीही आलो. मी मात्र तज्ज्ञाच्या थाटात चष्मा पुसला आणि सांगितलं की इथे लाइटचा अर्थ वजनाला कमी. दोन-तीन डब्यांची, सुटसुटीत. मग ऐटीत लिहिलं: ‘हलकी रेल्वे’. कागद छापून दोन्ही जिल्ह्यांत वाटला गेला. खाली ‘मराठी अनुवाद’ म्हणून माझं नाव होतं. तेही मीच घालायला लावलं होतं.

पहिली सभा नांदेडला झाली. लातूरहून दोन गाड्या भरून मंडळी आली होती, त्यात माझे मेहुणेही होते. सभा सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, मेहुणे उठले. “पुण्या-मुंबईला चांगली देता, अन् आम्हाला हलकी कामून?”

टाळ्या पडल्या. मी माईक घेऊन समजावलं की हलकी म्हणजे हलक्या दर्जाची नव्हे. मेहुणे म्हणाले, “दाजी, हलकं कापड म्हणलं की तुम्ही दुकानात वजन बघता का?”

पुन्हा टाळ्या, या वेळी नांदेडवाल्यांच्यासुद्धा. मग खरं भांडण लागलं. लातूरवाल्यांचा संशय असा, की गाडी नांदेडहून भरून येणार आणि आम्ही दाराला लोंबकळणार. नांदेडवाल्यांचा संशय असा, की एकदा का गाडी लातूरला गेली की ती लातूरचीच होणार. लातूरवाल्यांनी आजवर काय काय पळवलं त्याची यादीच एकाने वाचायला घेतली. मी उठून दोन्ही शहरांच्या बंधुभावावर भाषण ठोकलं. चांगलं झालं असावं, कारण कुणीच ऐकलं नाही आणि कुणी अडवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. लोह्याच्या पुढे, अहमदपूरच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथली शेती तो करतो.

“सभेत बोललास म्हन?”

“हाव.”

“गाडी कुठून जाणार हाय?”

“अजून काहीच ठरलं नाही, दादा.”

“मंग बोललास काय?”

त्याला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, “तू काळजी करू नको. हलकी रेल्वे आहे ती. हलक्या जमिनीवरूनबी जाते.”

मग दादा सावकाश म्हणाला, “हलक्या जमिनीवरून,” आणि फोन ठेवला.

इथे आमच्या वाटणीचं सांगायला पाहिजे. वडिलांच्या दोन तुकड्यांतला ओढ्याकाठचा तुकडा काळाभोर, भारी, त्यात विहीर. दुसरा रोडला लागून असलेला माळ, वीतभर मातीखाली मुरूम, हलकी जमीन. वाटणी झाली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. “मी काय, मास्तर माणूस,” असं सगळ्यांसमोर म्हणून मी माळ घेतला आणि मोठेपणा मिळवला. त्यानंतर वीस-बावीस वर्षं, गावी गेलो की जेवताना एकदा तरी म्हणायचो, “आमचं काय बुवा, आमच्या वाट्याला हलकी.” दादा यावर कधी हो म्हणाला नाही, कधी नाही म्हणाला नाही. भाकरी मोडत राहायचा. मात्र ती विहीर त्याने आणि वहिनीने दोन उन्हाळे खपून आणखी खोल केली. त्याचं सगळं घर त्या काळ्या तुकड्यावर आणि त्या पाण्यावर उभं आहे.

माझं वाक्य दादाच्या ओट्यावरून पारावर गेलं आणि पारावर त्याचा कायदा झाला: हलकी रेल्वे हलक्या जमिनीवरूनच जाते, गुरुजीनं नांदेडहून कळवलंय. आठ दिवसांत आमच्या शिवारातल्या सगळ्या जमिनी भारी झाल्या. जो माणूस दर वर्षी खडकाला नांगर लागतो म्हणून रडायचा, तोही आपल्या रानात हत्ती फसेल म्हणायला लागला. आणि जो तो शेजाऱ्याच्या रानाकडे बोट दाखवू लागला.

मग रेल्वेच्या पाहणीसाठी मोजणीवाले आले. दुर्बीण लावून दिवसभर शिवारात फिरले आणि लाल रंगाच्या खुट्या ठोकून गेले. त्यातली एक दादाच्या काळ्या रानात, विहिरीपासून दहा पावलांवर.

वहिनींचा फोन आला. “भावजी, इमानदारीत सांगा. आमची जमीन हलकी हाय म्हनून तुमीच लिहून दिलं का?”

“वहिनी, मी फक्त अनुवाद केलाय!”

“ते काय असतंय ते मला ठावं न्हाई. हे दोन दिस झाले विहिरीवर जाऊन बसून राहिले. तुमचं नाव काढलं की उठून जातेत.”

मी दादाला फोन केला. त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नागपंचमीला बहीण-भावंडं जमतो, त्या दिवशी तो माझं ताट वाढायला सांगून स्वतः गोठ्यात गेला. भावाशी बोलायचं बंद होणं काय असतं, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. आमचं बोलणं तसं फार नसायचंच, पण जे काही होतं ते बंद झालं की त्याची जागा केवढी होती ते कळतं.

आता वाटेल की मी साधा भोळा आणि संशय फक्त दादाच्या मनात. तसं नाही. महिन्याभराने गावच्या एका माणसाने सांगितलं, “गुरुजी, तुमच्या माळावरबी लाल खुटी हाय की.” झालं. शाळेत तास घेताना माझ्या डोक्यात खुटी. माळावर खुटी असल्याचं आधी कुणी म्हणालं नव्हतं. म्हणजे दादानेच विहिरीजवळची उपटून माळावर ठोकली!

बायको म्हणाली, “मोजणीवाले पुन्हा आले नसतील कशावरून?”

“तू त्याला ओळखत नाहीस.”

“मी तुम्हाला ओळखते. बावीस वर्षं माळ हलका हलका म्हणून रडलात. आता न्या म्हणावं रेल्वे. तुम्हालाच पाहिजे होती ना?”

रविवारी कुणाला न सांगता एसटीने गेलो आणि चोरासारखा आपल्याच माळावर शिरलो. खरंच खुटी होती. मग ओढ्याकडून वाकून वाकून विहिरीपाशी गेलो. तिथे खुटी नव्हती. एक बोटभर भोक होतं आणि त्यात ताजी माती दाबलेली. न्यायाधीशाने निकाल लिहावा तसं मी मनात लिहून टाकलं. परत वळताना बांधावरून घसरलो आणि विजार फाटली. तशीच शर्टाने झाकत नांदेडला आलो.

मग गावात सुनावणी लागली. शाळेच्या पटांगणात मांडव, टेबल, मोठा नकाशा. रेल्वेकडून आलेला साहेब भला माणूस दिसत होता. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, “खुट्या फक्त चढ-उतार मोजायला आहेत. खुटी आहे म्हणून तिथून रेल्वे जाणार असं नाही. आणि हलकी रेल्वे म्हणजे गाडी हलकी. जमिनीचा संबंध नाही.”

मागून एक म्हातारा म्हणाला, “असं म्हनावंच लागतंय त्यान्ला.” सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मीही डोलावली.

साहेबाने नकाशावर दोन रेघा दाखवल्या. एक ओढ्याच्या कडेने, म्हणजे दादाच्या काळ्या रानातून, विहीर जाणार. दुसरी रोडच्या कडेने, म्हणजे माझ्या माळावरून. “अजून काही पक्कं नाही. गावाचं म्हणणं आम्ही लिहून वर पाठवणार.”

सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. नांदेडच्या सभेत भाषण ठोकणारे गुरुजी ते मीच. दादा समोरच्या खांबाला टेकून बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता, नकाशाकडे बघत होता.

माझ्या खिशात भाषण तयार होतं: विकास, दळणवळण, लातूरचं शिक्षण, नांदेडचे दवाखाने. मी उभा राहिलो. साहेबाचं बोट अजून माझ्या माळावर होतं. त्या बोटाकडे बघून मी बोलायला लागलो आणि माझ्या कानांनी ऐकलं ते असं: “रेल्वे झालीच पाहिजे. परंतु... त्या माळाचाही विचार व्हावा. तिथे मोर येतात.”

“मोर का टिटव्या, गुरुजी?” कुणीतरी विचारलं. हशा झाला. वर्षानुवर्षं मी त्या माळावर पाय ठेवला नव्हता. ठेवला तो एकदाच, आणि विजार फाटली.

साहेब हसून म्हणाला, “पण माळ म्हणजे जमीन हलकीच ना? पिकाचं नुकसान तरी कमी.”

तेव्हा दादा उठला. सभेत बोलायची त्याला सवय नाही. आवाज चढा लागला.

“साहेब, लिहून घ्या. ती जमीन हलकी न्हाई. भारी हाय.”

आमच्या गावातल्या शेळ्यांनासुद्धा तो माळ कसा आहे ते माहीत आहे.

“वाटणी म्या केली. मी थोरला. थोरला भाऊ धाकट्याला हलकी देईल का? आँ? इचारा त्यालाच.”

साहेबाने माझ्याकडे बघितलं. “गुरुजी, बरोबर आहे का?”

दादा मला वाचवत होता का? त्याला अजून वाटतंय की हलकी लिहिली की जमीन रेल्वेत गेली. म्हणजे आपली विहीर पणाला लावून तो भावाचा माळ राखतोय? की भर सभेत सरकारी कागदावर लिहून घेतोय, की वाटणी चोख होती आणि धाकटा बावीस वर्षं उगाच रडला? हलकी म्हणावं तर थोरला भाऊ चारचौघांत खोटा. भारी म्हणावं तर माझं हक्काचं गाऱ्हाणं कायमचं गेलं. मास्तर माणसाकडे दुसरी इस्टेट असते कुठे?

दादा आता माझ्याकडे बघत होता. नागपंचमीपासून पहिल्यांदा.

“हाव,” मी म्हणालो. “भारी आहे.”

कारकुनाने लिहिलं. मांडवातून बाहेर पडताना दादा शेजारी आला आणि म्हणाला, “जेवून जा. शेंगदाण्याची आमटी केलीय.” त्या घरची आमटी मला इतकी कधीच गोड लागली नव्हती, तरी मधेच राहवलं नाही. “दादा, विहिरीजवळची खुटी तू उपटलीस का?”

दादाने भाकरी मोडली. वहिनी म्हणाल्या, “वाढू का आनखी?”

ती रेल्वे अजून कागदावरच आहे. दोन्ही शहरांतली भांडणं जोरात आहेत. आता माझा शब्द काढून ‘सुटसुटीत रेल्वे’ लिहितात, आणि त्यावर लातूरकरांना नवा संशय आहे की सुटसुटीत म्हणजे जागा कमी. बायकोने मला बऱ्याचदा विचारलं, “दादा त्या दिवशी तुमच्या बाजूने बोलले की स्वतःच्या?” मी वेगवेगळी उत्तरं दिली. एकही मला पटलेलं नाही.

औंदा मृग लागायच्या आधी दादाचा फोन आला.

“तुझ्या भारी जमिनीत काय पेरायचं म्हनतोस? भारी जमीन पडीक ठेवत न्हाईत.”

मी कान देऊन ऐकत राहिलो, तो हसतोय का ते कळावं म्हणून. तो हसत नव्हता. मागून वहिनींचं हसणं मात्र स्पष्ट येत होतं.

“सोयाबीन,” मी म्हणालो.

“बरं,” दादा म्हणाला. “मंग ये पेरायला. आधी दगडं येचावी लागतील.”