केशकालचा घाट आणि वर्षाच्या हातातली गाडी

या ब्लॉगवरच्या प्रत्येक प्रवासात गाडी माझ्या बायकोने, वर्षाने चालवली आहे आणि मी शेजारी बसून बिस्किटं खात टिपणं काढली आहेत. जुन्या वाचकांना हे ठाऊक आहे. या वेळी मात्र रायपूरहून निघताना स्टिअरिंगवर मी होतो. ते का, हे आधीच सांगून टाकतो. वर्षाचा कॅन्सर मणक्यापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी तिला गाडी चालवायला साफ मनाई केली होती. "जायचं तिथे बसून जा, पण झटके बसू देऊ नका," एवढीच सूट होती.

कुठे जायचं ते तू सांग, असं मी तिला म्हणालो. हवं तर समुद्र पाहून येऊ.

"समुद्रात गाडी चालवता येते काय?" ती म्हणाली. "केशकाल चला."

केशकालचा घाट म्हणजे तिचं माहेरच. तिच्या वडिलांचे रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत ट्रक होते. कारखान्यांतून लोखंडी सळया भरून ते जगदलपूरकडे जायचे, आणि वर्षा लग्नाआधीच या घाटात ट्रक चालवायला शिकली होती. पुढे धंदा तिनेच सांभाळला आणि तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या कमाईतून ही भली मोठी, महागडी एसयूव्ही घेतली. मी शंकर नगरातल्या एका ऑफिसात फायली पुढे सरकवणारा माणूस. तोंड कधी दुधाने पोळलेलं नाही, तरी ताक फुंकून पितो.

आमची लेक जुई नोकरीतून रजा काढून आईजवळ येऊन राहिली होती. तिला आमचा बेत कळला तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, आप दोनों पागल हो गये हो क्या?" जुईला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं.

"हव," म्हणजे हो, असं वर्षाने छत्तीसगढीत उत्तर दिलं आणि उशा गाडीत ठेवायला सांगितल्या.

पहिला दिवस. आमच्या चौबे कॉलोनीतून आम्ही सकाळची गर्दी ओसरल्यावर निघालो. गियरजवळ एक गोल बटण आहे, ते फिरवलं की गाडीचा स्वभाव बदलतो. मी ते कम्फर्टवर ठेवलं. कम्फर्टमध्ये सस्पेन्शन मऊ होतं, खड्डा चाकाखालून जातो आणि आपल्याला नुसती त्याची बातमी कळते. स्पोर्टमध्ये गाडी दोन बोटं खाली बसते, सस्पेन्शन ताठ होतं, स्टिअरिंग जड लागतं आणि पाय दाबायचा नुसता विचार केला तरी इंजिन हुंकार देतं. अभनपूरच्या पुढे रस्ता छान मोकळा मिळाला, म्हणून मी गंमत म्हणून स्पोर्ट लावून पाहिलं. पुढच्याच पुलाच्या सांध्यावर वर्षाने डोळे मिटून घेतले आणि दाराची मूठ पकडली. मी घाईघाईने परत कम्फर्टवर आलो. आता बटणाला हात लावायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

धमतरीला थांबून तांदळाचा चीला, म्हणजे आपलं धिरडं, आणि टोमॅटोची चटणी खाल्ली. दोघांचं पोट शंभर रुपयांच्या आत भरलं, म्हणजे माझंच भरलं. वर्षाने दोन घास खाल्ले. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी गाडी नीट न्याहाळून मला विचारलं, "भैया, कितना देती है?"

उत्तर वर्षाने दिलं. "चलानेवाले पे है. इनको बारा देती है, मुझे आठ."

ते गृहस्थ हसले, मीही हसलो. मानेला पट्टा बांधलेल्या, हात काटकुळे झालेल्या या बाईने गाडी आठवर आणलेली मी किती वेळा पाहिली होती, ते मात्र त्यांना सांगावंसं वाटलं नाही.

कांकेरला मुक्काम केला. वर्षाला एका दमात घाटापर्यंत नेणं शक्य नव्हतं. हॉटेल साधं होतं, तळमजल्याची खोली मिळाली, गरम पाणी होतं. आजारी माणसाला घेऊन जाणार असाल तर तळमजला आधीच फोन करून मागून घ्या. संध्याकाळी मी एकटाच नदीवर फिरून आलो. एकट्याने फिरण्याची सवय करायला हवी, असं मनात आलं आणि मग फिरावंसंच वाटेना.

दुसरा दिवस. कांकेर सोडल्यावर थोड्याच वेळात समोर डोंगर उभा राहतो आणि मग बारा वळणं. सकाळची वेळ होती, ट्रक तुरळक. मी कम्फर्टमध्ये, बैलगाडीलाही लाज वाटेल इतक्या हळू चढायला लागलो. झटका एकही बसत नव्हता, म्हणून स्वतःवर खूश होतो. पण मऊ गाडी वळणावर आधी बाहेरच्या अंगाला कलायची, मग डुलत सरळ व्हायची, आणि सरळ होतेय तोवर पुढचं वळण आलेलं असायचं. वर्षाचा चेहरा पांढरा पडत चालला होता. मला वाटलं, पाठ दुखतेय.

"थांबवा," ती म्हणाली.

घाटाच्या मध्यावर तेलीन मातेचं देऊळ आहे. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रकवाला तिथे क्षणभर थांबून हात जोडतो. मी तिथेच बाजूला गाडी घेतली. वर्षाला उलटी झाली. चूळ भरायला पाणी दिलं, तोंड पुसलं. नारळ विकणारी एक बाई स्वतःचं स्टूल घेऊन धावत आली.

"तुम्ही मले पाळण्यात घालून झुलवून राहिले," श्वास सावरल्यावर वर्षा म्हणाली. "पाठीले काही नाही झालं. पोट ढवळलं."

"झटके बसू नयेत म्हणून कम्फर्ट ठेवलं ना."

"सरळ रस्त्यावर ठीक आहे ते. घाटात गाडी ताठ पाहिजे. स्पोर्ट म्हणजे काही पळवणं नोहे. वळणावर ती कलत नाही, गियर धरून ठेवते, चाक कुठी आहे ते हाताले समजते." मग तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

मी नाही म्हणालो. गोळ्यांवर गाडी चालवत नाहीत, असं तिला समजावायला लागलो.

"सकाळची गोळी मी घेतलीच नाही," ती म्हणाली. "घेतली की झापड येते."

ती दुखण्याची गोळी होती. तिच्याशिवाय वर्षाला उशीवर मान टेकवता येत नसे. म्हणजे कांकेरपासून ती सगळं दुखणं जागेपणी सोसत, मला काही न सांगता, शेजारी बसून होती. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही दाखवायला ती जागा नव्हती.

"काहून केलं असं?" माझ्याही तोंडून तिचीच बोली निघाली.

"एकदा चालवायची होती. मग काय, चालवणं होणारच नाही."

गेल्या काही महिन्यांत आम्ही तिच्या हातून सगळं काढून घेतलं होतं. आधी धंदा, मग स्वयंपाकघर, मग घराचा जिना. प्रेमानेच घेतलं होतं, पण घेतलं होतं. मी किल्ली दिली.

नारळवाली तिला हात देऊन उठवत होती. "गाडी तहीं चलाबे का दीदी?" तूच चालवणार का, असं ती विचारत होती.

"हव," वर्षा म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

तिने सीट पुढे घेतली, पाठ उशीला टेकवली आणि बटण स्पोर्टवर फिरवलं. गाडी खाली बसली. मग जे झालं ते मी याच रस्त्यावर पूर्वी कितीदा तरी पाहिलं होतं आणि नीट पाहिलंच नव्हतं. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात पाय स्थिर, बाहेर पडताना हलकासा जोर. गाडी पाटावर ठेवल्यासारखी सपाट राहिली. इंजिन खालच्या गियरमध्ये घुमत होतं. वेग जेमतेम तीसचा होता, पण माझ्या हातची ती थुलथुलीत गाडी आणि ही गाडी एकच, यावर विश्वास बसत नव्हता. वरून सळयांचा रिकामा ट्रक उतरत आला, तिने आधीच कडेला होऊन त्याला वाट दिली. ट्रकवाल्याने हात वर केला. तिनेही केला.

पण स्पोर्टची किंमतही तिथेच दिसत होती. उखडलेल्या डांबरातली खडी न् खडी सीटमधून वर येत होती. प्रत्येक वेळी तिचे ओठ घट्ट मिटायचे आणि नाकपुड्या फुलायच्या. थांब म्हणावं असं दर वळणाला माझ्या जिभेवर येत होतं. मी म्हटलं नाही. वरची दोन वळणं राहिली असताना रुंद जागा पाहून तिने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिली. कपाळावर घाम होता.

"आता घ्या तुम्ही," ती म्हणाली.

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. तिने आपणहून स्टिअरिंग माझ्या हाती दिलं ते तेव्हाच. मी उतरून तिच्या बाजूला गेलो आणि तिला जवळजवळ उचलूनच शेजारच्या सीटवर ठेवलं. ती फार हलकी झाली होती.

घाट संपल्यावर टाटामारी म्हणून जागा आहे, तिथून खूप खोलवर पसरलेलं जंगल दिसतं. सकाळी गेलात तर धुकं मिळेल, वर खायला मिळेलच असं धरून चालू नका. वर्षाने गाडीतूनच पाहिलं आणि गोळी घेतली. उतरताना मी स्पोर्ट ठेवलं. अर्धवट डोळ्यांनी ती सूचना देत होती. "ब्रेकवर उभे नका राहू, गियर धरून राहिला ना." उतार मला बरा जमला. तिने तसं म्हटलं नाही, पण दाराची मूठही पकडली नाही.

कांकेरनंतर कम्फर्ट लावलं आणि ती झोपली. शहरात क्वचित मी चालवायचो तेव्हाही वर्षा कधीच झोपत नसे, माझ्याबरोबर तीही मनातल्या मनात ब्रेक दाबायची. ही गोळीची झोप आहे हे मला कळत होतं. तरी मी ती माझ्यावरच्या विश्वासाची धरली. धमतरी, कुरुद, अभनपूर, कुठेही थांबलो नाही. डिझेलची एकच टाकी जाऊन-येऊन पुरली.

आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा जुई गेटपाशी उभी होती. मी वेग कमी केला, तिच्याकडे पाहिलं आणि पुढे गेलो. लगेच फोन आला.

"पप्पा, घर तो पीछे रह गया."

"माहीत आहे," मी हळू म्हणालो. "आई झोपली आहे."

आरशात ती गेट लावून घेताना दिसली. मग म्हणाली, "तो एक चक्कर और लगा लो."

वर्षा त्यानंतर महिन्याभरात गेली. घाटात आजारी माणूस असेल तर गाडी ताठ ठेवा, खराब रस्त्यावर मऊ करा, आणि कुठे काय हवं ते त्यालाच विचारा. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. मला स्वतःला मात्र घाटापेक्षा त्या संध्याकाळचे कॉलोनीतले फेरेच जास्त आठवतात. एका फेरीत तिने डोळे उघडले आणि विचारलं, "आलं काय घर?"

"नाही अजून," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली. तेव्हा आम्ही आमच्याच गेटसमोरून जात होतो.